ऑक्टाव्हिया आरएसमध्ये लेडवालं रेसिंग फ्युएल टाकलं तर खरंच फायदा होते का?

संत्रा_टर्बो (वरुड)

नमस्कार मंडळी. मी वरुडचा, घरी संत्र्याची बाग, गाड्यांचं याड लहानपणापासूनचं. आंबिया बहाराचे पैसे यंदा बरे आले तर हिंमत करून सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २३० घेतली, २०१७ ची, पुण्याच्या माणसाकडून. त्यानं आधीच स्टेज १ करून ठेवली आहे म्हणजे ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरचा) मॅप बदललेला, बाकी हार्डवेअर सगळं कंपनीचं, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पण जागेवर आहे. हिवाळ्यात गाडी अशी पळे का विचारू नका. पण मार्च लागला आणि दुपारी काढली की ढिली वाटून राहिली, समृद्धीवर धामणगावहून चढलो आणि ओव्हरटेकसाठी पाय दाबला तर पहिल्यासारखी ओढतच नाही, आणि गावातून हळू चाललो असलो की डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) स्वतःच वरचा गिअर घेऊन बसते, तशात अर्धा पाय दाबला तर कधी कधी बारीक कडकड ऐकू येते, बोनेटमध्ये कोणी खडे हलवून राहिलं असं.

आता मुद्दा असा की ओळखीतला एक जण रेसवाल्यांना फ्युएल पुरवते, तो म्हणते हे घे लेडवालं, म्हणजे शिसं मिसळलेलं, ११० च्या वर ऑक्टेन आहे, टाकीत ५ लिटर मिसळ आणि मजा पाहा. भाव असा सांगते की तेवढ्यात आमच्या मजुरांचा दिवस निघते. यूट्यूबवर पाहिलं तर अर्धे म्हणतात जबरदस्त, अर्धे म्हणतात कॅट जाते. तर लेडनं पॉवर खरंच वाढते का, आणि एवढ्याशा प्रमाणात टाकलं तरी नुकसान होते का? कोणी वापरलं असेल तर सांगा, उगाच ज्ञान देऊ नका.

जुना_मिस्त्री (हिंगणघाट)

भाऊ नको टाकू. वडलांपासूनचं गॅरेज आहे माहं, लेडवालं पेट्रोल काय असते थे मले यूट्यूबवर पाहा लागत नाही, २००० च्या आधी पंपावर तेच भेटे. तवाच्या फियाट, पेट्रोलवरच्या जुन्या जीपा, त्यायच्या हेडात व्हॉल्व्हची सीट नरम बिडाची राहे. लेडचा पातळ थर सीटवर बसे आन व्हॉल्व्ह आपटून आपटून सीट खात नसे. लेड बंद झालं तवा ज्यायच्या गाड्या लांब पल्ल्यावर लोड घेऊन पळत होत्या त्यायचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेले, टॅपेटचा गॅप आपोआप कमी होत जाये, गाडी सकाळी स्टार्टच होत नसे. मंग आम्ही हेड काढून कडक सीट बसवून देत होतो. तुह्या गाडीत कडक सीट कंपनीतूनच आहे. म्हणजे लेडचं जे एक कामाचं काम होतं, त्याची तुह्या इंजिनाले गरजच नाही.

आता नुकसान पाय. कॅटच्या आत जी बारीक जाळी असते तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा लेप राहते, धूर त्या लेपाले लागला तरच साफ होते. लेड त्यावर जाऊन बसलं की लेप झाकला जाते आन कॅट मरते, थे काही धुऊन निघत नाही. त्याच्या आधी ऑक्सिजन सेन्सर मरते. सेन्सर आंधळा झाला की ईसीयूले कळतच नाही पेट्रोल जास्त चाललं का कमी. प्लगवर लेडची राख जमते, ऑइलात उतरते थे वेगळं. ५ लिटरनं लगेच मरणार नाही, पण थोडं टाकलं तं थोडं मरते, एवढाच फरक.

आन आधी मले सांग पेट्रोल भरते कुठून? आडगावच्या पंपावर भरत असशील तं फिल्टर पेपर माग, डेन्सिटी मोजून माग, गिऱ्हाइकाचा हक्क आहे थो, पंपवाल्यानं दाखवाच लागते. रॉकेल मारलेल्या पेट्रोलवर बैलगाडी पण कडकड करीन.

ट्रॅकडे_पोट्टा (नागपूर)

काका तुमचं सगळं मान्य पण तुम्ही एकच बाजू सांगून राहिले. जगभरचे ड्रॅग रेसवाले व्हीपी सी१६ हे रेसिंग फ्युएल काय शोक म्हणून टाकतात का? ११७ ऑक्टेन आहे ते, लेडवालं. माझ्या दोस्तानं पोलो टीएसआयमध्ये असंच मिक्स करून टाकलं, काहीच मॅप वगैरे न करता, आणि गाडी सीधी वेगळी चालून राहिली होती, मी स्वतः बाजूला बसलो होतो. ऑक्टेन जास्त म्हणजे आत धमाका जास्त, साधी गोष्ट आहे. कॅटचं एवढं टेन्शन असेल तर कॅट काढून डाउनपाइप टाक, स्टेज २ कर, विषय कट बे.

रसायन_मॅडम (यवतमाळ)

मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, गाडीतलं मला फार कळत नाही, पण "ऑक्टेन जास्त म्हणजे धमाका जास्त" हे वाचून राहवलं नाही. उलटं आहे ते. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल किती दाब आणि उष्णता सहन करू शकतं, ठिणगी पडायच्या आधी किंवा ठिणगीची ज्योत पोचायच्या आधी स्वतःहून पेट न घेता. आयसोऑक्टेनला १०० धरलं, नॉर्मल हेप्टेनला ० धरलं, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं वागतं तो त्याचा आकडा. त्यात ताकदीचा काही संबंधच नाही. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण ४३-४४ मेगाज्यूल ऊर्जा असते, ऑक्टेन ९१ असो की १०० असो, फार फरक पडत नाही. इथेनॉलचं ऑक्टेन १०८-१०९ च्या घरात आहे आणि ऊर्जा किलोला सत्तावीसच्या आसपास, म्हणजे पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी.

कडकड आवाज येतो तो असा. ज्योत प्लगपासून पसरत जाते, पुढचं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आत एकदम पेटतं. त्याचा दाबाचा तडाखा सिलिंडरच्या भिंतीवर आणि पिस्टनवर बसतो. टेट्राएथिल लेड इथे काय करतं तर गरम होऊन फुटतं, त्याचे लेड ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण होतात आणि स्वतःहून पेटण्याच्या आधी जी साखळी प्रक्रिया चालू होते तिच्यातले रॅडिकल हे कण गिळून टाकतात. म्हणजे ते आग लावत नाही, आग लांबवतं. आणि हे शिसं इंजिनातच साचून बसू नये म्हणून सोबत ब्रोमिनचं संयुग घालतात, त्यामुळे ते लेड ब्रोमाइड होऊन धुरावाटे बाहेर पडतं. बाहेर म्हणजे कुठे? तुमच्या अंगणात.

१९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीनं हे शोधलं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी त्याच महिन्यात मिजली पत्रकारांसमोर त्यात हात धुऊन आणि वास घेऊन दाखवत होता की बघा काही होत नाही, आणि तो स्वतः आधीच शिशाच्या विषबाधेतून उठलेला होता. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून पंपावरचं लेड बंद झालं. जगात रस्त्यावरच्या गाड्यांसाठी विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तो २०२१ मध्ये थांबला. शिशाची सुरक्षित अशी पातळी रक्तात नाहीच असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, लहान मुलांच्या मेंदूवर सगळ्यात आधी परिणाम होतो. आणि हे द्रव कातडीतून पण आत जातं. संत्रावाले दादा, तुमच्याकडे फवारणीची औषधं ठेवायची खोली असेलच, त्याच खोलीत ही कॅन जाणार आणि तेच हात भाकरीला लागणार. आमच्या जिल्ह्यानं २०१७ मध्ये फवारणीची विषबाधा पाहिली आहे, म्हणून जरा जास्त बोलते.

ट्रॅकडे_पोट्टा (नागपूर)

मॅडम केमिस्ट्री ठीक आहे, पण दोस्ताची पोलो पळाली ना? ते सांगा. आणि रेसवाले मूर्ख आहेत का मग?

मॅपवाला (मूळ अकोट, सध्या पुणे)

पोट्ट्याला उत्तर मी देतो, माझा धंदाच हा आहे. तुझ्या दोस्ताची पोलो खरंच पळाली असेल, मी खोटं म्हणत नाही. टर्बो इंजिन ९५ साठी बनवलेलं, आपण भरतो ९१ वालं, ऊन वरून. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकवर बसवलेला कान समज, त्याला कडकड ऐकू आली की ईसीयू त्या सिलिंडरचं टायमिंग मागे ओढते, ठिणगी उशिरा, पॉवर कमी. तू ऑक्टेन वाढवलं तर ईसीयू टायमिंग परत जागेवर आणते. म्हणजे जी पॉवर कंपनीनं दिली होती आणि पेट्रोल हलकं म्हणून गेली होती तेवढीच वापस आली. त्याच्या पुढे कितीही ऑक्टेन ओत, ९५ वर जे झालं त्यापेक्षा स्टॉक म्हणजे कंपनीच्या मॅपमध्ये फारसं काही होणार नाही, कारण ईसीयूला त्याच्या वर जायची परवानगीच नाही. तेवढं काम अनलेडेड ९५ नं पण झालं असतं. शंकरपटाच्या जोडीला खुराक वाढवला म्हणून ती पट जिंकत नाही, आधी धुरकऱ्यानं सोडली पाहिजे ना.

रेसवाले मूर्ख नाहीत. त्यांचं इंजिनच तसं असते, कॉम्प्रेशन १३-१४ किंवा बूस्ट (आत ढकललेल्या हवेचा दाब) एवढा की आपल्या पेट्रोलवर पिस्टनला भोक पडेल, कॅट नसते, प्लग हवे तेव्हा बदलतात, इंजिन सीझनमध्ये खोलतातच. आधी इंजिन असं बनवलं की त्याला तेवढं ऑक्टेन लागतं, मग इंधन आणलं, हा क्रम आहे. १९४० मध्ये ब्रिटिशांच्या स्पिटफायरला १०० ऑक्टेन मिळालं, लेडवालंच होतं ते, पण ताकद कुठून आली तर मर्लिन इंजिनाचा बूस्ट सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांवर नेता आला म्हणून. बूस्ट तोच ठेवला असता तर त्या वैमानिकाला काहीच कळलं नसतं. आणि आता तर नॅसकारवाल्यांनी पण २००७ मध्ये लेड सोडलं, गाड्या काही हळू झाल्या नाहीत. काही रेसिंग फ्युएल, जसं क्यू१६, त्यात ऑक्सिजन असलेले घटक असतात, त्यानं खरी पॉवर वाढते पण तिथे काम ऑक्सिजनचं आहे, आणि इंजेक्टरनं जास्त इंधन सोडलं नाही तर मिक्श्चर पातळ होऊन नुकसान वेगळं.

यूट्यूबचा अजून एक घोळ म्हणजे आकडे. ऑक्टेन मोजायच्या दोन टेस्ट असतात, आरओएन आणि त्याहून कडक एमओएन; अमेरिकेत पंपावर जो आकडा असतो तो या दोघांची सरासरी, आपल्याकडे नुसता आरओएन लिहितात. त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५, त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९७-९८. तो सी१६ चा ११७ पण त्यांच्या मोजमापातला आहे. त्यामुळे तिकडचा माणूस "मी तर फक्त ९३ वर चालवतो" म्हणते तेव्हा तो आपल्या प्रीमियमच्या पण वरचं भरून राहिला असते.

आता संत्रा_टर्बो, तुझं. ५० लिटरची टाकी, ४५ लिटर ९१ वालं, ५ लिटर ११७ वालं, साध्या हिशोबानं मिश्रण ९३-९४ च्या आसपास. एवढ्यासाठी कॅट आणि सेन्सर पणाला लावायचा? त्यापेक्षा सरळ ९५ भर, वाढ जास्त आणि लेड शून्य. पण मला वेगळीच शंका येऊन राहिली आहे. आधीचा मालक पुण्याचा. पुण्यात १०० ऑक्टेनचं अनलेडेड पंपावर मिळते, इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून आहे. त्यानं स्टेज १ कोणत्या पेट्रोलवर करून घेतली ते विचार. आणि ओबीडीवर (गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या पोर्टवर) लॉग काढ, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे जाते ते आणि इनटेकच्या हवेचं तापमान. दुपारचा एक, पहाटेचा एक. त्याशिवाय सगळ्या गप्पा.

आरएक्स_पवनी (पवनी, जि. भंडारा)

मधात बोलतो. आमच्या आरएक्स १०० मध्ये आम्ही टू-टी ऑइलासोबत थोडा थिनर टाकत होतो, टोल्युइन असते म्हणे त्यात, आवाज काय येत होता राजेहो! हे चालेल का याच्या गाडीत? स्वस्त पण पडते.

मॅपवाला (मूळ अकोट, सध्या पुणे)

टोल्युइनचं ऑक्टेन खरंच उंच आहे, रिफायनरीत ते पेट्रोलमध्ये असतेच. पण हार्डवेअरच्या दुकानातल्या थिनरमध्ये टोल्युइन किती आणि बाकी काय काय हे डब्यावर पण नसते. आरएक्सचा कार्बोरेटर सगळं पचवते. याच्या गाडीत डायरेक्ट इंजेक्शन आहे, हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर, त्याच्या किमतीत तुझ्या दोन आरएक्स येतील. आणि त्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या पण पाहून घे, लिहिलेलं असते ३० पॉइंट वाढते, तिथे १० पॉइंट म्हणजे १ ऑक्टेन. काहींत फेरोसीन असते, प्लगवर लाल-नारिंगी थर बसवते.

बिरसीकडचा (गोंदिया)

आमच्या इथं बिरसीच्या विमानतळावर पायलट लोकांचं ट्रेनिंग चालते. विमानाचं पेट्रोल म्हणजे अ‍ॅवगॅस, निळ्या रंगाचं, १०० ऑक्टेन. ते तर लेडवालंच असते ना अजून? विमानात चालते तर कारमध्ये काऊन नाही? पोट्टे लोक विचारत असतात म्हणून विचारतो, मी काही टाकायला चाललो नाही.

रसायन_मॅडम (यवतमाळ)

हो, १००एलएल. एलएल म्हणजे लो लेड, पण "कमी" हे जुन्या विमानाच्या पेट्रोलच्या तुलनेत, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं त्यात. आपल्याकडे लेड बंद व्हायच्या आधी १९९० च्या दशकात पंपावरच्या पेट्रोलची मर्यादा ०.१५ वर आणली होती, म्हणजे या "लो लेड"मध्ये त्याच्या तिपटीहून जास्त.

मॅपवाला (मूळ अकोट, सध्या पुणे)

आणि विमानाच्या त्या इंजिनांना ना कॅट आहे ना लॅम्बडा म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, म्हणून त्यांना चालते. त्यांचा १०० हा एमओएनवाला आहे, जास्त कडक टेस्ट, त्यामुळे कागदावर भारी वाटते. पण ते हलकं पण असते आपल्या पेट्रोलपेक्षा, कार्बोरेटरवाल्या गाडीत जेटिंग (पेट्रोल सोडणाऱ्या भोकांचं माप) न बदलता टाकलं तर पातळ चालेल. शिवाय ते काही पंपावर मिळणारी वस्तू नाही, विमानतळावरून कॅन बाहेर निघाली तर प्रश्न इंजिनाचा राहत नाही.

संत्रा_टर्बो (वरुड)

लॉग काढला. नागपूरच्या एका मित्राकडे ओबीडीचं डोंगल होतं, ते आणलं. पहाटे काटोल रोडला पळवली तर टायमिंग फार तर एक-दीड अंश मागे, तेही कधीतरी. दुपारी त्याच रस्त्यावर, बाहेर ४५ होतं, इनटेकची हवा ६० च्या पुढे दाखवत होती आणि तिसऱ्या सिलिंडरला सहा अंश मागे, बाकीच्यांना चार-साडेचार. हे वाईट आहे ना?

आणि मॅपवाले दादा, तुम्ही मनकवडे आहात का? आधीच्या मालकाला फोन केला, तो म्हणते "हो, मॅप १०० वर बनवला होता, मी बाकी काही टाकतच नव्हतो, तुला सांगायचं राहिलं." आमच्या तालुक्यात १०० सोडा, ९५ वालं पण जिथे बोर्ड आहे तिथे अर्धा वेळ स्टॉक नसतो. म्हणून साधंच भरून राहिलो होतो.

मॅपवाला (मूळ अकोट, सध्या पुणे)

झालं, सापडलं. सगळ्या सिलिंडरला सतत चारच्या वर जात असेल तर ते बरं नाही, तिसऱ्याला सहा म्हणजे त्याचा प्लग पण पाहून घे. १०० चा मॅप म्हणजे बूस्ट आणि टायमिंग त्या हिशोबानं ठेवलेलं, त्यात तू कमी ऑक्टेन भरतो आणि हवा ६० डिग्रीची देतो. ईसीयू वाचवून राहिली म्हणून इंजिन शाबूत आहे. हवा तापली की नॉक वाढतोच, पुण्याच्या डिसेंबरात केलेला मॅप वरुडच्या मे महिन्यात चालत नसते, हे आमच्यातल्या पण बऱ्याच लोकांना कळत नाही, कारण त्यांनी दुपारी दोन वाजता अमरावती पाहिलेली नसते.

करायचं काय, तर ज्यानं मॅप मारला त्याच्याकडून ९५ ची फाइल माग, बहुतेक जण आधीच्या गिऱ्हाइकाच्या गाडीला पण देतात. नाही मिळाली तर स्टॉकवर ने, स्टॉकमध्ये पण २३० पीएस आहेत, समृद्धीवर लिमिट १२० आहे, कमी पडणार नाही. प्लग नवे टाक, गॅप बरोबर ठेवून. इंटरकूलरसमोरची (टर्बोची हवा थंड करते त्यासमोरची) जाळी काढून साफ कर, तुमच्याकडे कापसाचं बोंड आणि धूळ एवढी अडकते की हवाच जात नाही. आणि तोपर्यंत डीएसजी स्पोर्टमध्ये ठेव किंवा स्वतः गिअर खाली घे. कमी आरपीएमला वरच्या गिअरात पाय दाबला की टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात अजून एक भानगड होते, लो स्पीड प्री-इग्निशन, त्यात ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते. ते ऑक्टेननं पूर्ण थांबत नाही, लेडनं तर नाहीच. ऑइल कोणतं आहे त्यावर पण असते, एपीआय एसपी लिहिलेलं आणि फोक्सवॅगनचं अप्रूव्हल असलेलंच टाक.

राहिला प्रश्न ई२० चा (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा), तू विचारलं नाही पण विचारशील. इथेनॉलमुळे त्याचं ऑक्टेन वाढते, सरकार आता ९५ सांगून राहिलं आहे, आणि इथेनॉल बाष्प होताना उष्णता पण शोषते, म्हणजे नॉकच्या बाजूनं तुला फायदाच. नुकसान म्हणजे मायलेज पडते आणि २०१७ ची गाडी ई२० साठी बनवलेली नाही, रबरी नळ्या-सीलवर लक्ष ठेवावं लागेल. तुझ्याकडे निवड आहे कुठे म्हणा.

जुना_मिस्त्री (हिंगणघाट)

इथेनॉलचं एक मी सांगतो. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिना-महिना उभी ठेवत जाऊ नको. इथेनॉल पाणी ओढते, जास्त झालं तं पाणी आन इथेनॉल खाली बसते, पंप थेच उचलते. टाकी भरून ठेवजो. आन तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला की फोटो टाकजो इथं, पांढरा फटक असन, टोकावर बारीक काळे-चमकदार ठिपके असन तं पिस्टन पाहाले लागन.

ट्रॅकडे_पोट्टा (नागपूर)

चला म्हणजे ऑक्टेनच पाहिजे होतं, मी काय वेगळं सांगत होतो? फक्त लेडचं तुम्ही घाबरवून टाकलं सगळ्यांना. एका दिवसाच्या ड्रॅगसाठी कॅट काढून, सी१६ टाकून, त्याचा मॅप मारून, वापस सगळं लावून घ्यायचं, यात काय प्रॉब्लेम आहे?

मॅपवाला (मूळ अकोट, सध्या पुणे)

नुसत्या ड्रॅगच्या गाडीसाठी असेल तर तू म्हणतो तसं करता येते, लोक करतात. पण मग टाकी, लाइन, फिल्टर धुऊन काढावं लागते, नाहीतर राहिलेलं लेड कॅट लावल्यावर तिच्यात जाते, आणि लॅम्बडा सेन्सर त्या दिवसापुरता जुना टाकायचा. एवढ्या मेहनतीत १०० अनलेडेडचे ड्रम पुण्याहून आणून त्याचा मॅप मारला तर या गाडीत फरक तुला स्टॉपवॉचवर पण शोधावा लागेल. स्टॉक टर्बो आहे रे याचा, तो आधी संपते, ऑक्टेन नंतर.

रसायन_मॅडम (यवतमाळ)

आणि कॅट काढून रस्त्यावर चालवणं बेकायदेशीर आहे, पीयूसीत पण दिसेल. त्या "एका दिवसात" पिटमध्ये कोण उभं असतं, भाऊ? इंधन ओतणारा पोऱ्या. त्याला हातमोजे देता का तुम्ही?

संत्रा_टर्बो (वरुड)

९५ ची फाइल मिळाली, आधीच्या मालकानंच बोलणं करून दिलं, पुढच्या आठवड्यात नागपूरला त्यांचा माणूस येते तेव्हा मारून घेतो. जाळी उघडली तर खरंच बोटभर कचरा निघाला. प्लगचे फोटो टाकतो काका.

एक अडचण आहे. तो फ्युएलवाला मी नाही म्हणायच्या आत ५ लिटरची कॅन घरी ठेवून गेला, पैसे नंतर दे म्हणे. सध्या गोठ्याच्या मागे आहे. भाऊ म्हणते फवारणीच्या पंपात टाकून संपवू, पंपाचं इंजिन पेट्रोलवरच आहे. टाकू का?

रसायन_मॅडम (यवतमाळ)

नाही! पाठीवरच्या पंपाचा धूर सरळ माणसाच्या तोंडासमोर येतो. जमिनीवर, नालीत, विहिरीजवळ ओतू पण नका, शिसं मातीत वर्षानुवर्षं राहतं, बागेत तर अजिबात नको. ज्याचं आहे त्याला परत करा. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा, जनावरं तिथून बांधायची हलवा तोपर्यंत.

जुना_मिस्त्री (हिंगणघाट)

मॅडम बरोबर सांगून राहिल्या. झाकण घट्ट लाव, उभी ठेव, कारच्या डिक्कीत नेऊ नको, पिकअपच्या मागं दोरीनं बांधून ने. आन सकाळी सकाळी ने, उन्हाची कॅन फुगते. पैसे मागन तं मले फोन लावून दे त्याले.